म्हशीची बोली

आमच्या घरात दोन भाषा बोलल्या जायच्या. एक सगळ्यांची आणि दुसरी माझी न् माझ्या धाकट्या भावाची. त्या दुसरीला आम्ही नाव दिलंच नव्हतं. आई मात्र वैतागून तिला ‘म्हशीची बोली’ म्हणायची, आणि खरं सांगायचं तर आईचं चुकत नव्हतं, कारण ती जन्मली गोठ्यातच.

भाऊ लहानपणापासून अडखळत बोलायचा. वाक्याची सुरुवात झाली की जीभ टाळ्याला चिकटायची, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि ऐकणारा एक तर हसायचा नाही तर त्याचा शब्द स्वतःच पुरा करून मोकळा व्हायचा. सगळ्यात वैरी त्याचं स्वतःचं नाव. दुसरा कुठलाही शब्द अडला तर त्याच्याऐवजी तिसरा वापरता येतो, नावाला पर्याय नसतो. शाळेत नवे गुरुजी आले आणि त्यांनी नाव विचारलं की मी माझ्या वर्गातून ऐकत असे: आधी शांतता, मग पोरांचं हसू, मग कुणीतरी दुसऱ्यानेच सांगितलेलं त्याचं नाव. गावात त्याला तोतऱ्या म्हणायचे. आमचं गाव बेडशाच्या लेण्यांखालच्या अंगाला, लहानसं. तिथे एकदा नाव पडलं की माणूस म्हातारा झाला तरी ते सुटत नाही.

एकदा मी शेण काढायला गोठ्यात गेले तर आतून भावाचा आवाज आला. तो म्हशीशी बोलत होता. शाळेत कोण काय म्हणालं, आमचे वडील आप्पा कशावरून चिडले, सगळं सांगत होता, आणि एकदाही अडत नव्हता. आधी म्हशीसारखाच घशातून एक लांब हुंकार काढायचा, ‘म्म’ असा, आणि त्या हुंकारावरून शब्द घसरगुंडीवरून यावेत तसे खाली यायचे. मी शेणाची पाटी हातात धरून बाहेरच उभी राहिले. आपला भाऊ इतका बोलतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मग आम्ही ती बोली रचायला घेतली. नियम मी करायचे, कारण मी मोठी. पहिला नियम असा की कुठलाही शब्द क, ग, ट, त, प, ब असल्या कडक अक्षराने सुरू करायचा नाही. सुरुवात स्वराने, नाही तर ल, म, व अशा मऊ अक्षराने. पाणी झालं ‘ओलू’. कुत्रा झाला ‘उतरा’. भाताचं ‘लात’ होत होतं, पण त्यावर आम्ही इतके हसलो की ते सोडून ‘आतूल’ केलं. मी ‘एला’ झाले आणि तो ‘ओन’. प्रत्येक वाक्याआधी हुंकार हवाच, आणि अर्थ त्या हुंकारात. सरळ हुंकार म्हणजे साधं सांगणं. वर चढणारा म्हणजे प्रश्न. खाली उतरणारा म्हणजे नाही. त्यामुळे ‘नाही’साठी आम्हाला वेगळा शब्दच लागला नाही. होऊन गेलेल्या गोष्टीचा शेवटचा स्वर लांबवायचा. काल घडलं असेल तर थोडा, आणि आजोबांच्या वेळचं असेल तर दम संपेस्तोवर. जे व्हायचंय त्याचा शेवटचा स्वर गिळून टाकायचा. आणि महत्त्वाचा शब्द नेहमी शेवटी, म्हणजे त्याला ओढा ओलांडताना घेतो तशी धाव घ्यायला जागा मिळायची.

त्या बोलीत भाऊ वेगळाच माणूस होता. मराठीत तो ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढ्यावर दिवस काढायचा. आमच्या बोलीत मात्र त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. गावातल्या प्रत्येकाची नक्कल करायचा. बांधावर बसून भाकरी खाताना असं काही बोलायचा की मला ठसका लागायचा. आई विचारायची, काय म्हणतोय गं तो? मी तिला मराठीत सांगायला जायचे तर त्यातली मजा निघून जायची. माझा भाऊ विनोदी आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

पुढे मी शिकले आणि लोणावळ्याला एका रिसॉर्टच्या काउंटरवर लागले. लग्नही तिथेच झालं. बोलणं हेच माझं पोटापाण्याचं साधन. मराठी, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी. खोलीत पाणी येत नसलं तरी पाहुण्याला बरं वाटेल असं कसं बोलायचं, साहेब झोपलेले असताना ते मीटिंगमध्ये आहेत असं कसं सांगायचं, हे मला झोपेतही येतं. भाऊ गावीच राहिला. इंद्रायणी तांदूळ करतो, म्हशी वाढवल्या, पिकअप घेतली आणि लोणावळ्यातल्या हॉटेलांना दूध-दही घालायला लागला. आमच्या रिसॉर्टलाही.

एकदा सुट्टीच्या दिवसात काउंटरपुढे पाहुण्यांची गर्दी होती. मागच्या दाराला कुणी नव्हतं म्हणून तो दह्याचे डबे घेऊन पुढून आला. शर्टावर दह्याचे डाग, पायात चिखलाच्या चपला. गर्दीतून माझ्याकडे बघून त्याने हुंकार काढला, वर चढणारा, आणि आमच्या बोलीत विचारलं की डबे कुठे ठेवू. पाहुण्यांतली एक बाई दचकून बाजूला झाली. तिच्या मुलाने लगेच तो आवाज काढून दाखवला आणि सगळे हसले. मी वर न बघता, काउंटरच्या मराठीत म्हणाले, “हो भाऊ, मागच्या बाजूला ठेवा.”

आमच्याकडे भाऊ तर कुणालाही म्हणतात, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, डबे उचलले आणि मागे गेला. त्यानंतर तो पुढच्या दाराने कधी आला नाही, आणि रिसॉर्टच्या आवारात आमची बोलीही कधी बोलला नाही. गावी गेले की बोलायचा, पूर्वीसारखंच. मला वाटलं, विसरला असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग त्याच्या लग्नाचं सुरू झालं. हल्ली शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं किती अवघड झालंय हे मावळात कुणालाही विचारा. जमीन बघतात, घर बघतात आणि मग विचारतात, कंपनीत कुठं आहे का? आमच्या मुलाला तर कंपनीही नाही आणि जीभही नाही. एकेका ठिकाणी जाऊन यायचे. पोह्यांची बशी हातात येईपर्यंत सगळं ठीक असायचं. मग कुणी वडीलधारा नाव विचारायचा आणि भाऊ अडायचा. पलीकडच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. दोन दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. आई देवाला बोल लावायची. भावाचं वय वाढत होतं, आणि तो आता मुलगी बघायला जायचं म्हटलं की म्हशीचं दूध काढायचं राहिलंय म्हणून उठून जायला लागला.

तेवढ्यात सुदुंबऱ्याचं स्थळ आलं. मुलगी शिकलेली, वडगावला एका दुकानात हिशेबाचं काम करायची. तिला म्हणे गावात राहायला चालणार होतं, जनावरांची आवड होती. आई म्हणाली, असं स्थळ पुन्हा यायचं न्हाई. आणि मग माझ्या डोक्यात ती युक्ती आली. मी घरात सांगितलं की त्याचा घसा बसलाय असं सांगायचं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय म्हणायचं. त्याला काही सांगायचं असेल तर त्याने माझ्या कानाशी आमच्या बोलीत सांगावं आणि मी ते मराठीत बोलून दाखवीन. एकदा लग्न ठरलं की हळूहळू कळेल तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईच म्हणाली, पण ते मला ऐकायचंच होतं. भाऊ ऐकत होता. तो उतरत्या हुंकाराने एवढंच म्हणाला की नको. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला कळत नाही. आमच्या बोलीत ‘गप्प बस’ला शब्द नव्हता म्हणून ते मी मराठीत म्हटलं.

मला त्याची काळजी होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. काळजी होतीच. पण तिच्याखाली दुसरं काही होतं, तेच जे काउंटरवर होतं. मला त्याची लाज वाटायची. आणखी एका घरात, आणखी एका बैठकीत तो मान ताठ करून डोळे मिटेल आणि मला त्याच्या शेजारी बसावं लागेल, हे मला नको होतं.

सुदुंबऱ्याला त्यांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली. मुलीचे आजोबा भिंतीला टेकून बसलेले, त्यांना सगळे आबा म्हणत होते. घशाची गोष्ट मी इतकी सफाईने सांगितली की मुलीच्या आईने लगेच गरम पाणी आणून दिलं. मुलगी पोहे घेऊन आली. साधी, गव्हाळ, नजर थेट. आबांनी मुलाला नाव विचारलं आणि मी हसून सांगून टाकलं. शिक्षण, शेती, म्हशी, सगळं मी सांगितलं. मुलीच्या काकांनी विचारलं, पाव्हण्यांना काही विचारायचं असंल तर? तेव्हा भाऊ माझ्या कानाशी वाकला. हलका, सरळ हुंकार, आणि मग शब्द. तो म्हणत होता, सांग त्यांना, ओनची जीभ अडते. लहानपणापासून.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, “तो म्हणतोय, पोहे फार छान झालेत.”

बायका हसल्या. मुलगीही हसली. भाऊ अडखळतो, पण बहिरा नाही. मराठी त्याला माझ्याइतकीच कळते. मी काय बोलले ते त्याने माझ्या शेजारी बसून ऐकलं. तिथल्या तिथे तो मला खोटं पाडू शकत होता, फक्त त्यासाठी त्याला तोंड उघडावं लागलं असतं. त्याने बशी जवळ ओढली आणि पोहे खाल्ले. मान खाली घालून, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत.

मग हल्लीच्या रीतीप्रमाणे मुला-मुलीला एकमेकांशी बोलायला गच्चीवर पाठवलं. घशाच्या निमित्ताने मीही गेले. तिथे मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. मुलीने आढेवेढे घेतले नाहीत. ती माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून म्हणाली की मला एकच विचारायचंय, हे लग्न तुम्हाला मनापासून करायचंय का घरचे म्हणतात म्हणून?

भावाने हुंकार काढला. आमच्या बोलीत घरच्यांसाठी शब्द होते, गावातल्या लोकांसाठी टोपणनावं होती, पण अशा परक्या मुलीसाठी काहीच नव्हतं. त्याने तिथे उभ्याउभ्या एक शब्द केला. ‘अलवी’ म्हणाला तो तिला. किती वर्षांत आमच्या बोलीत नवा शब्द आला नव्हता. तो म्हणाला की अलवीला आधी खरं सांग, मग अलवीला पुन्हा विचारू दे, मग ओन सांगेल. आणि ‘सांगेल’चा शेवटचा स्वर त्याने आमच्या नियमाप्रमाणे गिळला.

“हो म्हणतोय,” मी म्हणाले. “मनापासून.”

परत येताना तो पिकअप चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. वडगाव सोडून पुढे आलो. मी हुंकार काढून विचारलं, रागावलास का? त्याने समोरचा रस्ता सोडला नाही. मग तो बोलला, आणि मराठीत बोलला. माझ्याशी मराठीत बोलताना मी त्याला लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. गिअरवरचा हात घट्ट झाला, मान ताठ झाली.

“त... त... तू माझं तोंड घेतलंस,” तो म्हणाला.

मी पुन्हा हुंकार काढला. त्या दिवसापासून तो माझ्याशी आमच्या बोलीत एक शब्द बोलला नाही. फोनवर नाही, घरी नाही, गोठ्यातही नाही. मी आत गेले की त्याचा आवाज थांबायचा. मी बाहेर पडले की पुन्हा सुरू व्हायचा. म्हशीची बोली आता फक्त म्हशींना मिळत होती.

सुदुंबऱ्याहून होकार आला. आई आनंदाने रडली. सुपारी फोडायचा दिवस ठरायचा होता आणि मी काउंटरवर असताना मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “ताई, ते काल येऊन गेले.”

भाऊ दुधाची फेरी संपवून, कुणाला न सांगता, सुदुंबऱ्याला त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला होता. चहा पुढे आला तो तसाच गार झाला. आधी त्याने स्वतःचं नाव सांगितलं. मग घसा बसलेला नव्हता, हे सांगितलं. ती म्हणाली की खूप वेळ लागला, काका मध्येच उठून गेले, पण ते बोलायचे थांबले नाहीत. मग तिने मला विचारलं की त्या दिवशी ओसरीवर आणि गच्चीवर ते खरं काय बोलले होते?

समोर एक पाहुणा खोलीची किल्ली मागत होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन तिला सगळं सांगितलं. पोह्यांचं, अलवीचं, सगळं. ती म्हणाली, “मी घरात सांगितलं होतं, मुलगा बोलायला गोड आहे. ते तुमचं बोलणं होतं.”

तिने फोन ठेवला. मी बाहेर येऊन पाहुण्याला किल्ली दिली, नाश्त्याची वेळ सांगितली, हसलेही. माझं तोंड आपलं काम करत होतं. मला त्या तोंडाची किळस आली.

सुदुंबऱ्याचे लोक चिडले. मुलीच्या काकांनी आप्पांना फोनवर फसवणूक म्हटलं. आप्पांनी आयुष्यात कुणाचा बांध कोरला नाही, आणि त्यांना आता माझ्यापायी ते ऐकावं लागलं. शेवटी आप्पा म्हणाले, तोंड लपवून भागायचं न्हाई, जाऊन यायचं. भाऊ, आप्पा आणि मी गेलो. त्याच ओसरीवर, त्याच सतरंजीवर बसलो. या वेळी पोहे नव्हते. पाण्याचे तांबे तेवढे आले. काका तावातावाने बोलत होते. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि ते माझ्याकडे वळले.

“पोरी, आमच्यात लंगडी हायत, भैरी हायत, येकाला तर लय दारू लागती,” आबा म्हणाले. “जीभ अडती म्हंजी काय चोरी केली का त्यानं? मग तू लपिवलंस कशापायी?”

ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. आणि मी, जी बोलण्याचा पगार घेते, बसून राहिले. खरं उत्तर एका शब्दाचं होतं, लाज. पण तो शब्द भावासमोर उच्चारायचा कसा? मी भावाकडे बघितलं. सवयीने. इतकी वर्षं अडचणीच्या वेळी तो माझ्याकडे बघायचा. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तेव्हा मी सतरंजीकडे बघत म्हणाले, “मला त्याची लाज वाटायची, आबा.”

आप्पांनी उपरण्याने तोंड पुसलं. भाऊ हलला नाही. मला वाटतं त्याला ते काउंटरपासून माहीत होतं, ते ओसरीवर पहिल्यांदा कळलं ते मलाच.

आबा म्हणाले, मग आता पोरीला विचारा, आपण कोण सांगणारे. मुलगी दारातच उभी होती. ती म्हणाली की मला जे विचारायचं होतं ते मी परवा त्यांना भेटून पुन्हा विचारलंय आणि त्यांनी उत्तर दिलंय, तुम्ही सुपारी फोडा. काय उत्तर दिलं ते तिने सांगितलं नाही आणि मला ते आजही माहीत नाही. मी विचारायचा हक्क घालवला होता.

लग्न झालं. वरात दारात आली. नवरानवरी उंबऱ्याशी आली की नवऱ्याच्या बहिणीने दार अडवायचं, आणि दोघांनी एकमेकांचं नाव घेतल्याशिवाय त्यांना आत सोडायचं नाही, ही आमची रीत. बहीण मीच. त्याला दुसरी कुणी नाही. मी आधीच आईला म्हटलं होतं की या वेळी हे राहू दे, मी दारात उभीच राहत नाही. आईलाही तेच हवं होतं. तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलं होतं, आरतीचं ताट तयार होतं. वरात आली तेव्हा मी मुद्दाम चुलीकडे जाऊन काहीतरी शोधत बसले.

बाहेर सगळे थांबले. कुणीतरी हाक मारली, अगं करवली कुठंय? आई म्हणाली, राहू द्या, उशीर झालाय, येऊ द्या आत. पण पाऊल वाजेना. मी डोकावून बघितलं तर भाऊ उंबऱ्याबाहेर मुंडावळ्या बांधून उभा, आणि आत यायला तयार नाही. त्याची नजर माझ्यावर होती. बोटाने त्याने दार दाखवलं.

मी येऊन दारात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले. वाजंत्री थांबली. मला म्हणायला हवं होतं, नाव घ्या मग सोडते, पण माझ्या तोंडून काही निघेना, तेव्हा मागून एक मावशी म्हणाली ते. नवरीने नाव घेतलं, चटकन, हसून, आणि बायकांनी वा वा केलं. मग तिने आपला हात त्याच्या शेल्याच्या गाठीवर ठेवला आणि ती थांबली.

भावाने तोंड उघडलं. तिच्या नावाचं पहिलं अक्षरही कडकच. उखाणा वगैरे काही नाही, नुसतं नाव घ्यायचं होतं. मान ताठ झाली, डोळे मिटले, ओठ थरथरायला लागले. अंगणात सगळी चुळबूळ थांबली. कुठेतरी एक पोर हसलं आणि त्याच्या आईने त्याला दाबलं. ते अक्षर पुन्हा पुन्हा यायचं आणि परत जायचं. माझ्या घशात आपोआप हुंकार उठला, तोच सरळ, लांब, त्याला वाट करून देणारा. ओठांपर्यंत आला. त्याच वेळी त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणून. मी हुंकार गिळला.

नाव माहीत असून गप्प राहणं मला कधी जमलं नव्हतं. ते नाव माझ्या जिभेवर तयार होतं, अंगणातल्या प्रत्येकाच्या जिभेवर होतं. मी दातांखाली जीभ धरली आणि चौकट धरून उभी राहिले. आरतीतली वात विझायला आली, ती आईने पुन्हा सारखी केली. नवरी कुठेही बघत नव्हती, फक्त त्याच्याकडे, आणि तिला काही घाई दिसत नव्हती.

आलं नाव. पूर्ण आलं, स्वच्छ आलं, वरातीबरोबर येऊन मागे बसलेल्या आबांपर्यंत पोचलं.

मी रडत होते आणि दारातून हलायचं विसरले होते. त्याने पुन्हा श्वास घेतला. आमच्या बोलीत मी एला होते. मराठीत त्याने मला कधी हाक मारलीच नव्हती, गरजच पडली नव्हती.

“त... त... ता... ताई,” तो म्हणाला, “सर आता.”

मी बाजूला झाले.